क्रोममध्ये नीट, सफारीत वाकडं: हा घोळ परत परत का होतो आणि कुठून निस्तरायचा

पेज क्रोममध्ये एकदम फिट दिसतंय, फायरफॉक्समध्ये उघडलं तर हेडिंगचा साइझच वेगळा, आयफोनवर बटणावरची अक्षरं निळी झालीत आणि विंडोजवर मेनूतला शेवटचा शब्द खालच्या ओळीत जाऊन पडलाय. मग आपण काय करतो, बटणाला एक ओळ जोडतो, हेडिंगला मार्जिन झिरो करतो, मेनूचा फॉन्ट अर्ध्या पिक्सेलने कमी करतो, काम भागतं, आणि पुढच्या पेजवर सगळं जसंच्या तसं परत हजर. असं होतं कारण मुळात चार वेगवेगळ्या भानगडींना आपण 'ब्राउझरचा प्रॉब्लेम' हे एकच नाव देऊन ठेवलंय. पेज कुठल्या मोडमध्ये उघडलं ही एक, ब्राउझरची स्वतःची स्टाइलशीट ही दुसरी, फॉन्ट आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही तिसरी, आणि स्क्रोलबार, टूलबार, झूम वगैरे मंडळी ही चौथी. सीएसएस रिसेट, म्हणजे ब्राउझरच्या डीफॉल्ट स्टाइल सपाट करणारे आपले नियम, यातल्या फक्त दुसरीवर चालतो. बाकी तीनपैकी एखादी असेल तर कितीही रिसेट टाका, ढिम्म फरक पडत नाही.

(प्रॉपर्टींची नावं इथे उच्चारासारखी लिहितोय, फाइलीत अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाका.)

सुरुवात मोडपासून करा कारण ते बघायला दहा सेकंद लागतात. कन्सोल उघडून डॉक्युमेंट डॉट कॉम्पॅटमोड टाका. 'सीएसएस१कॉम्पॅट' आलं तर पुढे चला, 'बॅककॉम्पॅट' आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा, पेज क्वर्क्स मोडमध्ये गेलंय, म्हणजे ब्राउझर त्याला नव्वदच्या दशकातलं पेज समजून वागवतोय. याची ओळखू येण्यासारखी लक्षणं म्हणजे टेबलातल्या मजकुराला बॉडीचा रंग आणि फॉन्ट साइझ लागत नाही, क्लासच्या नावात कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी स्टाइल लागते, आणि विड्थपुढे पिक्सेल न लिहिता नुसता २०० लिहिलेलाही चालून जातो. कारण बहुतेक वेळा डॉकटाइप (हे आजच्या पद्धतीचं पेज आहे असं सांगणारी फाइलीची पहिली ओळ) नसणं हेच असतं, पण गंमत अशी की फाइलीत डॉकटाइप असतो आणि तरीही हे होतं, कारण सर्व्हरवरच्या पीएचपीने एखादी वॉर्निंग डॉकटाइपच्या आधी छापलेली असते. डॉकटाइपच्या आधी रिकामी जागा किंवा कॉमेंट असेल तर आजचे ब्राउझर चालवून घेतात, पण एक अक्षर जरी मजकूर आला तरी मोड बदलतो. 'लोकलवर बरोबर, लाइव्हवर मोडलेलं' अशी तक्रार असेल तर व्ह्यू सोर्स करून पहिली ओळ बघाच. डेव्ह टूल्सच्या एलिमेंट्समध्ये नका बघू, तिथे ब्राउझरने दुरुस्त केलेली आवृत्ती दिसते.

मोड ठीक असेल तर पुढचा प्रश्न, फरक नक्की कुठल्या दोन ब्राउझरमध्ये आहे? लोक सांगतात 'क्रोम, एज आणि ब्रेव्ह तिन्हीत बघितलं', अहो पण ती तिन्ही आतून एकच आहेत. जानेवारी २०२० पासून एजसुद्धा क्रोमियमवर चालतो, त्यामुळे क्रोममध्ये एक आणि एजमध्ये दुसरं दिसत असेल तर बहुतेक वेळा कुठलंतरी एक्स्टेंशन, झूम किंवा सेटिंगमधला फॉन्ट साइझ जबाबदार असतो. उलट आयफोनवरचा क्रोम हा नावाला क्रोम, आत सफारीचंच वेबकिट, तेव्हा 'आयफोनवर क्रोममध्ये पण तुटतंय म्हणजे सफारीचा दोष नाही' हा युक्तिवाद बाद. खरी इंजिनं, म्हणजे पेज रंगवणारा आतला भाग, तीनच धरा, क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट, आणि तिन्हीत प्रायव्हेट विंडोत, झूम शंभर टक्के ठेवून बघा. निम्म्या तक्रारी इथेच गळतात.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक ब्राउझरच्या पोटात त्याची स्वतःची एक स्टाइलशीट असते, यूजर एजंट स्टाइलशीट. आपण काहीही लिहिलं नाही तरी बॉडीला ८ पिक्सेल मार्जिन, एच१ ला २ ईएम (म्हणजे दुप्पट) अक्षर, यादीला डावीकडून ४० पिक्सेल पॅडिंग, फिगरला दोन्ही बाजूंनी ४० पिक्सेल मार्जिन, हे सगळं तिथून येतं. क्रोमच्या स्टाइल्स पॅनलमध्ये नियमाच्या उजवीकडे 'यूजर एजंट स्टाइलशीट' असं लिहिलेलं दिसतं, फायरफॉक्समध्ये कॉम्प्युटेड पॅनलमध्ये ब्राउझर स्टाइल्सच्या चौकटीत टिक करावी लागते. एचटीएमएलच्या स्पेसिफिकेशनमध्ये रेंडरिंग नावाचा भागच आहे, त्यात या किमती दिल्यात आणि आजचे ब्राउझर बऱ्यापैकी त्याच पाळतात, त्यामुळे परिच्छेद, याद्या, हेडिंग यांत फारसा फरक उरलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा सल्ला आज तसाच कॉपी करण्यात अर्थ नाही तो यामुळे.

थोडा इतिहास सांगतो कारण प्रोजेक्टांमध्ये त्याचे थर साचलेले सापडतात. २००४ मध्ये तांतेक चेलिकने अनडू-एचटीएमएल नावाची छोटी फाइल केली, २००७ मध्ये एरिक मेयरचा रिसेट आला आणि २०११ मध्ये त्याची २.० आवृत्ती. विचार असा की सगळ्याचं मार्जिन, पॅडिंग, फॉन्ट साइझ सपाट करून टाका आणि मग स्वतः बांधा. निकोलस गॅलागर आणि जोनाथन नीलचं नॉर्मलाइझ उलट बाजूने आलं, जे डीफॉल्ट कामाचे आहेत ते राहू दे, जिथे ब्राउझर आपसात भांडतात तेवढंच सारखं करा. त्याची ८.०.१ आवृत्ती २०१८ ची आहे, म्हणजे त्यात इंटरनेट एक्सप्लोररची काळजी घेणाऱ्या ओळी आहेत आणि तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्तही झाला. टेलविंड आणि बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस फ्रेमवर्कांमध्ये तर अनुक्रमे प्रीफ्लाइट आणि रीबूट हे त्यांचे स्वतःचे बेस (पायाच्या स्टाइल) आधीच असतात. आणि तरी बघा, कोणीतरी बूटस्ट्रॅपवर नॉर्मलाइझ टाकलेलं असतं, त्यावर मेयरचा रिसेट, त्यावर थीमचा अजून एक, आणि मग बटणाचं पॅडिंग कुठून जातंय हे शोधत सगळी टीम बसलेली. एकच बेस ठेवा. कुठला ठेवता यापेक्षा एकच आहे हे जास्त महत्त्वाचं.

टेलविंडवाल्यांची तक्रार मात्र वेगळी असते, 'एडिटरमधून आलेल्या लेखात हेडिंग साध्या मजकुरासारखं दिसतंय आणि यादीचे ठिपके गायब'. तो बग नाही, प्रीफ्लाइट मुद्दाम तसं करतं, लेखाच्या भागाला स्वतंत्र स्टाइल द्यावी लागते.

रिसेट लिहिताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मे इम्पॉर्टंट (नियमाला जबरदस्तीने जिंकवणारा शब्द) आपोआप निघून जातात. कॅस्केडमध्ये, म्हणजे दोन नियम भांडले तर कोण जिंकतो हे ठरवताना, आधी बघितलं जातं नियम कोणाचा, स्पेसिफिसिटी (सिलेक्टर किती नेमका आहे) नंतर. आपण लिहिलेला नुसता तारा-सिलेक्टरसुद्धा (सगळ्या एलिमेंटना लागणारा) ब्राउझरच्या कितीही लांबलचक सिलेक्टरला हरवतो, कारण लेखकाची स्टाइल ब्राउझरच्या स्टाइलपेक्षा वरचढ असते. त्यामुळे रिसेटमध्ये इम्पॉर्टंट लागत असेल तर भांडण ब्राउझरशी नाहीच, तुमच्याच दुसऱ्या कुठल्यातरी नियमाशी आहे. उत्साहाच्या भरात काहीजण ताऱ्याला 'ऑल: अनसेट' लावतात, ते करू नका, डिव्हचं ब्लॉक असणंसुद्धा ब्राउझरच्याच स्टाइलमधून येतं आणि हेड, स्टाइल, स्क्रिप्ट हे टॅग लपलेले असतात तेही तिथूनच, त्यामुळे सगळं एका रांगेत येतं आणि वर तुमचा स्टाइलचा कोड पेजवर छापून येतो. मजा म्हणून एकदा करून बघा हवं तर. एखाद्या ठिकाणी ब्राउझरचं मूळ रूप परत हवं असेल तर 'रिव्हर्ट' ही किंमत आहे, ती वापरा.

हा बेस ठेवायचा कुठे? २०२२ च्या सुरुवातीपासून तिन्ही इंजिनांत कॅस्केड लेयर (नियमांचे एकावर एक ठेवलेले थर) चालतात, म्हणून बेसला स्वतःचा लेयर द्या आणि लेयरांचा क्रम फाइलीच्या पहिल्याच ओळीत जाहीर करा. मग बंडलरने (फाइली एकत्र करणाऱ्या टूलने) त्या उलट्यासुलट्या जोडल्या तरी बेस तळालाच राहतो, 'रिसेट नंतर लोड झाला आणि माझं सगळं पुसलं' हा प्रकार संपतो. दोन गोष्टी फक्त लक्षात असू द्या. लेयरच्या बाहेर लिहिलेली स्टाइल लेयरमधल्या कुठल्याही स्टाइलला हरवते, त्यामुळे जुनी थीम बाहेरच असेल आणि तिच्यातही कुठे रिसेट दडलेला असेल तर लेयरमधली तुमची सगळी मेहनत वाया. आणि इम्पॉर्टंटच्या बाबतीत लेयरांचा क्रम उलटा होतो, तळाच्या लेयरमधलं इम्पॉर्टंट सगळ्यात वरचढ. हे एका ठिकाणी उपयोगी पडतं, हिडन ॲट्रिब्यूट असलेल्या एलिमेंटला 'डिस्प्ले: नन इम्पॉर्टंट' बेस लेयरमध्येच लिहा, नाहीतर कोणीतरी त्याच क्लासला फ्लेक्स लावतो आणि लपवलेला मेसेज दिसायला लागतो.

बेसमध्ये माझ्या मते लागतं ते असं: सगळ्यांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स, बॉडीचं मार्जिन झिरो, इमेज आणि व्हिडिओला डिस्प्ले ब्लॉक आणि मॅक्स-विड्थ शंभर टक्के (इमेजखाली जी चार-पाच पिक्सेलची फट राहते ती सगळ्याच ब्राउझरमध्ये राहते, ती इनलाइन असल्यामुळे, पण लोक नाव ब्राउझरचंच घेतात), टेक्स्ट-साइझ-ॲडजस्ट शंभर टक्के म्हणजे आयफोन आडवा केल्यावर अक्षरं फुगत नाहीत, त्याला वेबकिटचं प्रीफिक्सही लावा. कोड आणि प्री टॅगचा फॉन्ट साइझ आपण ठरवा, कारण ब्राउझर मोनोस्पेस फॉन्टला १६ ऐवजी १३ पिक्सेल धरतात आणि मग कोडचे तुकडे बारीक दिसतात. फील्डसेटला मिन-विड्थ झिरो, कारण त्याची डीफॉल्ट किंमत मिन-कंटेंट असते आणि मोबाइलवर आत लांब सिलेक्ट किंवा टेबल असलं की पूर्ण फॉर्म स्क्रीनच्या बाहेर जातो.

एच१ चं वेगळं सांगायला हवं. सेक्शन किंवा आर्टिकलच्या आत टाकलेला एच१ ब्राउझर आपोआप लहान करायचे, जितका आत तितका लहान. २०२५ पासून ब्राउझर हे वागणं काढून टाकायला लागलेत, त्यामुळे एकाच पेजवर नव्या आवृत्तीत हेडिंग मोठं आणि जुन्या आवृत्तीत लहान असं दिसू शकतं, आणि आपण मात्र डिप्लॉयमध्ये काय बदललं ते शोधत बसतो. एच१ ला फॉन्ट साइझ आणि मार्जिन दोन्ही स्वतः द्या, विषय संपला.

खरा वैताग फॉर्मचा. बटण, इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरिया हे चार जण बॉडीचा फॉन्ट घेतच नाहीत, त्यांना ब्राउझर सिस्टिमचा फॉन्ट देतो, साइझ साधारण १३.३३ पिक्सेल, आणि टेक्स्टएरियाला तर बऱ्याच ठिकाणी मोनोस्पेस. म्हणून या चौघांना 'फॉन्ट: इनहेरिट' आणि 'कलर: इनहेरिट' ही दोन वाक्यं हवीतच, पूर्ण बेसमध्ये एवढ्याच दोन ओळी टाकल्या तरी दिसणारा फरक मोठा असतो. आयफोनवरची निळी अक्षरं यानेच जातात, आयओएस १५ पासून सफारीत बटणाच्या अक्षराचा डीफॉल्ट रंगच निळा आहे. आणि इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन टॅप केल्याबरोबर पेज झूम करतो, तो झूम बंद करायला लोक व्ह्यूपोर्टमध्ये मॅक्सिमम-स्केल वगैरे टाकतात, त्यापेक्षा अक्षर १६ करा ना.

मग येतं अपिअरन्स नन. हे लावलं की ब्राउझर हात काढून घेतो आणि चौकट, बाण, टिक, हाय-कॉन्ट्रास्टमधलं वागणं सगळं तुमच्या गळ्यात. साध्या टेक्स्ट इनपुटला आणि बटणाला लावा, तिथे फायदा आहे, सर्चच्या इनपुटलाही लावा कारण सफारी त्याला स्वतःचं गोल रूप देतो आणि तुमचं पॅडिंग मानत नाही. पण चेकबॉक्स आणि रेडिओला नका लावू, तिथे ॲक्सेंट-कलर एक ओळीत ब्रँडचा रंग देतो आणि बाकीचं ब्राउझर सांभाळतो. तारखेचा इनपुट तिन्ही इंजिनांत हुबेहूब सारखा करायचा हट्ट तर सोडूनच द्या, उंची आणि फॉन्ट सारखे करा, आत उघडणारं कॅलेंडर ज्याचं त्याचं वेगळंच राहणार. प्लेसहोल्डर फायरफॉक्समध्ये फिकट दिसत असेल तर त्याला ओपॅसिटी १ आणि रंग स्वतः द्या.

एक जुनी सवय इथे नडते. मेयरच्या पहिल्या रिसेटमध्ये फोकसची आउटलाइन काढलेली होती आणि शेजारी कॉमेंटही होती की तुमची फोकस स्टाइल नक्की द्या. लोकांनी ओळ कॉपी केली, कॉमेंट वाचली नाही. २०११ च्या आवृत्तीतून ती ओळ गेली पण प्रोजेक्टांमधून गेलेली नाही. तुमच्या कोडमध्ये 'आउटलाइन: झिरो' शोधा आणि सापडलं तर फोकस-व्हिजिबलवर (कीबोर्डने एलिमेंटवर आल्यावर लागणारी स्थिती) ठळक आउटलाइन परत आणा, कीबोर्ड वापरणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत तेच कळत नाही नाहीतर. तसंच यादीचे ठिपके काढायला लिस्ट-स्टाइल नन लावलं की सफारीतला व्हॉइसओव्हर (स्क्रीन वाचून दाखवणारा) ती यादी आहे हेच सांगणं बंद करतो, नॅव्हच्या आतली यादी सोडून. जिथे यादी म्हणून ऐकू येणं गरजेचं आहे तिथे टॅगच्या रोल ॲट्रिब्यूटमध्ये 'लिस्ट' लिहा.

हे सगळं करून झाल्यावरही 'दोन पिक्सेलचा फरक आहे' म्हणून तिकीट येतंच. इथून पुढे रिसेटचा संबंध नाही, हा फॉन्टचा मामला. लाइन-हाइट दिलीच नसेल तर ती 'नॉर्मल' असते, आणि नॉर्मल म्हणजे किती हे फॉन्ट ठरवतो. आपल्याकडे हे जास्त नडतं कारण वेबफॉन्ट फक्त रोमन अक्षरांचा असतो आणि मराठी मजकूर सिस्टिमच्या फॉन्टमध्ये पडतो, विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, तिघांची उंची वेगळी, रुंदी वेगळी, त्यामुळे 'होम' लिहिलेलं बटण सगळीकडे सारखं आणि 'मुख्यपृष्ठ' लिहिलेलं प्रत्येक मशीनवर वेगळ्या उंचीचं. उपाय म्हणजे देवनागरीसकटचा वेबफॉन्ट द्या आणि लाइन-हाइट नुसत्या आकड्यात, युनिट न लावता. मराठी मजकुराला मी १.६ च्या खाली जात नाही, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. लेटर-स्पेसिंग मराठीला लावूच नका, शिरोरेषा तुटते. आणि एचटीएमएल टॅगवर लँग 'एमआर' लिहा, काही फॉन्टांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात ते तेव्हाच येतात.

अक्षरं मॅकवर जाड आणि विंडोजवर बारीक दिसतात ते मात्र तसंच राहणार. फॉन्ट-स्मूदिंगची जी ओळ सगळीकडे कॉपी केलेली दिसते ती फक्त मॅकवर चालते. म्हणून बटणांना आणि मेनूला ठरीव रुंदी देऊ नका, पॅडिंग द्या, एखादा शब्द दोन पिक्सेल रुंद झाला तर बटण वाढू दे.

चौथी भानगड पटकन. विंडोजवर स्क्रोलबार जागा खातो, मॅकवर बहुधा वर तरंगतो, आणि १०० व्हीडब्ल्यूमध्ये (विंडोची पूर्ण रुंदी) स्क्रोलबारची रुंदी धरलेली असते, म्हणून विंडोजवर पेज आडवं हलतं. तिथे शंभर टक्के लिहा. पेज बदलताना मजकूर डावी-उजवीकडे उडत असेल तर स्क्रोलबार-गटर स्टेबल. मोबाइलवर १०० व्हीएचचा (स्क्रीनची पूर्ण उंची) खालचा भाग टूलबारखाली जात असेल तर डीव्हीएच, ते टूलबारप्रमाणे बदलतं. डार्क मोडमध्ये इनपुटमधली अक्षरं दिसेनाशी झाली तर समजा कोणीतरी कलर-स्कीममध्ये डार्क जाहीर केलंय आणि इनपुटला बॅकग्राउंड पांढरा दिलाय पण अक्षराचा रंग दिलेला नाही. रंग द्यायचे तर जोडीने द्या.

चालू असलेल्या जुन्या साइटवर हा बेस एका फटक्यात ओतू नका, कारण कुठल्यातरी कोपऱ्यातलं पेज आजही त्या ८ पिक्सेलच्या मार्जिनवर आणि ४० पिक्सेलच्या पॅडिंगवरच उभं असतं. आधी एक साधं पेज बनवा ज्यात एच१ ते एच६, दोन्ही याद्या, टेबल, फिगर, फील्डसेट आणि सगळ्या प्रकारचे इनपुट एकाखाली एक आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकुरात, आणि ते रेपोमध्येच ठेवा. मग फॉर्मच्या दोन ओळी टाका, तिन्ही इंजिनांत हे पेज बघा, मर्ज करा, नंतर एच१, नंतर इमेज, आणि बॉक्स-सायझिंग सगळ्यात शेवटी, कारण पॅडिंग धरून हाताने मोजलेल्या जुन्या रुंद्या त्यानेच हलतात आणि त्या वेळी नेमकं काय हलवलं हे माहीत असलेलं बरं.